'मृत्यूस जबाबदार' की 'मृत्यूस कारणीभूत'? आणि 'अतिसेवन' बरोबर आहे का?

कानामात्रा:
मंडळी, एक लेख मराठीत करतेय आणि एका वाक्यापाशी दोन दिवस गाडी अडलीय. इंग्लंडमधला कॅनेडी खटला. १९९६ साली त्याने हेरॉइन भरलेली सिरिंज दुसऱ्याच्या हातात दिली, त्या माणसाने ती स्वतःच टोचून घेतली आणि थोड्या वेळात त्याचा श्वास थांबला. कॅनेडीला सदोष मनुष्यवधासाठी शिक्षा झाली. २००७ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, ती रद्द केली. मी लिहिलं, 'कॅनेडी मृत्यूस जबाबदार नाही, असा निकाल लागला.' बाबांना वाचून दाखवलं तर म्हणाले, "सिरिंज त्यानेच दिली ना? मग जबाबदार नाही कसा?" मला बाबांचंही पटतंय आणि निकालही पटतोय. मग चुकलंय ते माझं मराठी का?

जामीनपात्र:
तुमचं मराठीच. बाबांना नमस्कार सांगा, त्यांचा कान पक्का आहे.
'जबाबदार' म्हणजे ज्याला जबाब द्यावा लागतो तो. ठाण्यात लिहून घेतात तो 'जबाब' हाच. त्या अर्थाने कॅनेडी जबाबदार होताच, हेरॉइन पुरवल्याचा गुन्हा त्याच्यावर कायम राहिला. लॉर्ड्सनी म्हटलं ते एवढंच, की सज्ञान, भानावर असलेल्या माणसाने काय टोचतोय ते ठाऊक असताना स्वतःच्या मर्जीने टोचून घेतलं, तर ती कृती त्याची. ती देणाऱ्याच्या खाती टाकता येत नाही. म्हणून 'सदोष मनुष्यवधाचा दोषी नाही' असं लिहा. लांबतं, पण लांबू द्या.
'कारणीभूत' आणखी वेगळं. आमच्याकडे फिर्यादीत 'मृत्यूस कारणीभूत झाला' हा ठरलेला साचा. कारणीभूत तर रस्त्यातला खड्डाही असतो.

कानामात्रा:
खड्डा चोख! पण पुढचं वाक्य 'हेरॉइनच्या अतिसेवनाने मृत्यू' असं केलंय. ते चालेल?

गर्दीबाहेर:
मला नाही चालत. व्यसनमुक्तीच्या कामात बरीच वर्षं गेली, त्यामुळे हा शब्द टोचतो.
'अतिसेवन' म्हटलं की जेवताना चार लाडू जास्त खाल्ल्यासारखं वाटतं. माणूस हावरट होता, गेला. प्रत्यक्षात कितीदा तरी माणूस नेहमीचंच प्रमाण घेतो आणि जातो. तुरुंगातून किंवा उपचारांतून बाहेर आलेल्याचं पाहा. दोन-तीन महिने काही घेतलेलं नसतं, शरीराची सवय मोडलेली असते. हात मात्र जुनीच पुडी उघडतो. काल पचत होतं तेच आज श्वास मंदावून बंद पाडतं. सोबत दारू असेल तर आणखी लवकर. पुडीत भेसळ काय आहे हे तर त्यालाही माहीत नसतं. यात 'अति' कोणी केलं?
मी 'मात्रा न झेपल्याने' म्हणतो. 'ओव्हरडोस' लिहिलंत तरी चालेल, त्यात निदान मेलेल्याला टोमणा नाही.

आजीचाबटवा:
'मात्रा' आवडली. आमच्या आजोळी शेवटच्या घटकेला हेमगर्भाची मात्रा उगाळून चाटवत. जगवायचीही मात्राच आणि मारायचीही. विषयांतर झालं, असो.

जामीनपात्र:
नाही हो, विषयातच आहे. पण 'अतिसेवन' ठाण्यात जन्मत नाही. तिथे आधी 'अकस्मात मृत्यू'ची नोंद होते, व्हिसेरा, म्हणजे तपासणीसाठी काढलेले पोटातले अवयव, राखून ठेवतात. 'अतिसेवन' बहुतेक वेळा बातमीत येतं, तेही व्हिसेऱ्याचा अहवाल यायच्या आधी.

कानामात्रा:
मग लेखातल्या दुसऱ्या खटल्याचं काय? एव्हन्स, २००९. तिथे मात्र शिक्षा टिकली. सोळा वर्षांच्या मुलीला तिच्या सावत्र बहिणीने, म्हणजे एव्हन्सने, हेरॉइन आणून दिलं, टोचून मुलीनेच घेतलं. अगदी कॅनेडीसारखंच ना?

जामीनपात्र:
टोचण्यापर्यंत सारखंच. नंतरचं वेगळं. मुलगी निपचित पडतेय, ओठांचा रंग बदलतोय, हे बहिणीने आणि आईने पाहिलं. आपण अडकू या भीतीने रुग्णवाहिका बोलावली नाही. तिला बिछान्यात निजवलं, शेजारी थांबल्या. सकाळी ती गेलेली होती. कोर्टाने बोट ठेवलं ते त्या रात्रीवर. धोका तू उभा केलास, तो वाढताना पाहिलास, तर मदत बोलावणं तुझं कर्तव्य. ते न करण्याला आपल्या कायद्याच्या मराठीत 'अकृती' म्हणतात. पुढाऱ्यांच्या 'निष्क्रियते'शी गल्लत नको.
इथे 'हयगय' वापरा. वाहनाच्या गुन्ह्यात 'हयगयीने व निष्काळजीपणे' जोडीने येतं, पण हयगयीत समोर दिसत असून न करणं आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ हयगयीच्या मृत्यूचंच, पाच वर्षांपर्यंत कैद.

गर्दीबाहेर:
'आपण अडकू' हे वाक्य मी किती पोरांच्या तोंडून ऐकलंय. गर्द ओढणाऱ्या तिघांतला एक निळा पडला की दोघे पन्नी उचलून पसार. फोन केला तर ठाण्यात बसावं लागेल ही भीती. अमेरिकेत न्यू मेक्सिकोने २००७ साली फोन करणाऱ्याला संरक्षण दिलं, मग बऱ्याच राज्यांनी. आपल्या १९८५च्या अमली पदार्थांच्या कायद्यात (एनडीपीएस) ६४-अ कलम आहे, पण ते स्वतःहून उपचाराला जाणाऱ्या व्यसनाधीनासाठी. मित्रासाठी फोन करणाऱ्याचा त्यात उल्लेख नाही.
आणि वकीलसाहेब, 'स्वतःच्या मर्जीने' यावर माझं अडतं. आपणच त्याला 'व्यसनाधीन' म्हणतो. अधीन झालेल्याची मर्जी कोणती?

जामीनपात्र:
पेचात पकडलंत. लॉर्ड्सनी फसवणूक, दबाव, अजाणतं वय यांना वेगळं काढलं, पण तलफ त्यात बसवली नाही. तलफेला मर्जी नाही म्हटलं तर घेणाऱ्याची कुठलीच कृती त्याची राहत नाही, उपचाराला यायचा निर्णयसुद्धा. मला ते मान्य नाही.

गर्दीबाहेर:
उपचाराला येतो तेव्हा बहुतेकदा आईने हात धरून आणलेला असतो. पण ठीक, मुद्दा पोचला.

कानामात्रा:
शेवटी असं केलंय: 'सिरिंज दिल्याबद्दल कॅनेडी दोषीच राहिला, ती टोचून घेतल्याने आलेल्या मृत्यूबद्दल मात्र नाही. एव्हन्सला शिक्षा झाली ती हेरॉइन दिल्यानंतरच्या रात्रीची.' बाबा म्हणाले, "आता कळलं. पटलं असं नाही." 'अमली'वर अनुस्वार द्यायचा का?

आजीचाबटवा:
मूळ शब्द 'अंमल', तोच राज्याचा आणि तोच नशेचा. मी देते. वर्तमानपत्रं दोन्ही छापतात, कधी एकाच बातमीत.