सोसायटीच्या पत्रकात घरगुती पदार्थांना जागा असावी का?

नेरुळ पूर्व:

आमच्या सोसायटीचे दरमहा एक चार पानी पत्रक निघते. मोरबे धरणाच्या जलवाहिनीच्या दुरुस्तीसाठी पाणी कधी बंद राहणार, लिफ्टच्या देखभालीचे कंत्राट कोणाला दिले, कोणाच्या नातीला दहावीत किती टक्के मिळाले, कोण निवर्तले, असा मजकूर त्यात असतो. गेल्या गणेशोत्सवापासून त्याच्या शेवटच्या पानावर सोसायटीत घरी पदार्थ करून विकणाऱ्यांची यादी छापली जाऊ लागली: ऑर्डरप्रमाणे उकडीचे मोदक, दिवाळीचा फराळ, उपवासाची थालीपीठे, नोकरदारांसाठी पोळी-भाजीचे डबे आणि रविवारी आगरी पद्धतीचे सुके मटण. आता हे पान बंद करावे आणि सदनिकेतून होणाऱ्या अन्नविक्रीला सोसायटीची मान्यता नाही असे लेखी जाहीर करावे, असा ठराव येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे आहे.

माझा या ठरावाला विरोध आहे. पान बंद केल्याने स्वयंपाक बंद होणार नाही. तो फक्त नोंदीबाहेर जाईल. आज कोण काय करते हे सर्वांना ठाऊक आहे, म्हणून त्यांना काही अटी घालणे शक्य आहे. उद्या हेच व्यवहार दहा-बारा जणांच्या खासगी गटांत गेले की समितीने कोणाला काय विचारायचे?

अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ चा आहे. त्याखालील २०११ च्या नियमांनी वर्षाला १२ लाख रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्या लहान अन्न व्यावसायिकाला पूर्ण परवान्याऐवजी साधी नोंदणी ठेवली आणि तिचे शुल्क वर्षाला १०० रुपये ठरवले. नोंदणी झाली की १४ अंकी क्रमांक मिळतो. तो क्रमांक देईल त्याचेच नाव पत्रकात छापावे, एवढीच माझी सूचना आहे.

यात नवे काही नाही. गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायका आपल्या एका खोलीच्या बिऱ्हाडातच गिरणी कामगारांना दोन वेळचे जेवण घालत असत. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून त्यांना सावकाराच्या दारातून बँकेच्या कर्जापर्यंत नेले, ते त्यांचे काम व्यवसाय म्हणून कागदावर आणूनच. आपण मात्र आहे ते काम कागदावरून पुसायला निघालो आहोत.

तळमजला:

मी ठरावाच्या बाजूने आहे, आणि माझी बाजू तळमजल्यावर राहिल्याशिवाय कळणार नाही. स्वयंपाकघराच्या सांडपाण्याची उभी पाइपलाइन शेवटी माझ्या खिडकीखालच्या चेंबरमध्ये उतरते. दिवाळीच्या आधी त्या चेंबरचे झाकण उचलले तर पाण्यावर साजूक तुपासारखा थिजलेला, बोटभर जाडीचा पांढरा थर दिसतो. सफाई कामगार तो बांबूने फोडतो, घमेल्याने काढतो आणि आमच्या बाल्कनीलगत ओततो, कारण दुसरीकडे जागा नाही. घरात चार माणसांसाठी पुऱ्या तळणे आणि ऑर्डरच्या वीस किलो चकल्या तळणे यांत फरक आहे, आणि तो फरक पाइपलाइनला बरोबर कळतो. आपल्या इमारती बांधल्या गेल्या तेव्हा त्या पाइपांचा व्यास घरगुती वापर धरूनच ठरवला गेला होता.

त्यातच तळणीचे तेल पुन्हा पुन्हा वापरले जाते का, हे कोण पाहते? तेलातली टोटल पोलर कंपाउंड्स, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात वाढणारी अपायकारक संयुगे, २५ टक्क्यांच्या वर गेली की ते वापरू नये, असा नियम जुलै २०१८ पासून लागू आहे. हॉटेलात निरीक्षक निदान जाऊ तरी शकतो. शेजारणीच्या ओट्यापाशी जाऊन कढई तपासायला कोण जाणार, आणि गेलाच तर दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये तिच्याशी बोलणार कसा?

रात्री नऊनंतर पार्सल न्यायला येणारी मुले चुकीची बेल वाजवतात, याबद्दल मी लिहीतच नाही. ते सहन होते.

पुरणपोळी:

ज्यांच्या नावावर आक्षेप आहे त्यांतली मी एक आहे, म्हणून लिहिते. तेल नळीत ओतणाऱ्याला दंड करा, माझी हरकत नाही. पण चेंबरमधला थर ऑर्डरवाल्यांच्याच घरचा आहे, हे कोणी ठरवले? दिवाळीत प्रत्येक घरात कढई चढते आणि बहुतेक घरांत ती साबण लावून सिंकमध्येच धुतली जाते. मी वापरलेले तेल गाळून डब्यात भरते आणि ते गोळा करणाऱ्याला देते; जुने तेल बायोडिझेलसाठी नेणारे आता सर्वत्र आहेत.

या कामात किती वेळ जातो, हे ठराव मांडणाऱ्यांना माहीत असावे असे वाटत नाही. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजतात, पाणी रोज बदलावे लागते. मग ते कापडावर पसरून, पूर्ण वाळू न देता, जरा दमट असतानाच दळायचे, पीठ चाळायचे, गुळात मळून गोळा काही दिवस मुरवायचा. एवढे करूनही पहिला अनारसा तुपात विरघळला तर सगळ्या पिठात पुन्हा कोरडे पीठ मिसळून बसावे लागते. नोकरी करणारी सून किंवा एकट्या राहणाऱ्या आजी हे करू शकत नाहीत, म्हणून त्या माझ्याकडे येतात. त्यांना माझे स्वयंपाकघर माहीत आहे. कोपऱ्यावरच्या फरसाणवाल्याला आजवर कोणी तेल विचारले आहे का?

नोंदणीबद्दल मात्र ‘नेरुळ पूर्व’ यांचा भाबडा विश्वास मला मान्य नाही. माझी नोंदणी आहे. अर्ज ऑनलाइन झाला, क्रमांक आला, पण माझ्या स्वयंपाकघरात कोणीही पाऊल ठेवले नाही. त्या १४ आकड्यांतून मी कोण, हे कळते. माझा हात स्वच्छ आहे का, हे कळत नाही. ज्या बाईचा महिन्याला दोन-तीन हजारांचा व्यवहार आहे तिला हा क्रमांक सक्तीचा केला तर ती सोडून देईल, आणि अशा बायकाच या पानावर जास्त आहेत.

माजी सेक्रेटरी:

मी काही वर्षे समितीत काम केले असल्याने दोन गोष्टी स्पष्ट करू इच्छितो. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार, म्हणजे नमुना नियमावलीनुसार, सदनिका ज्या कारणासाठी दिली आहे त्याव्यतिरिक्त वापरायची असेल तर सोसायटीची संमती लागते, आणि इतर सभासदांना उपद्रव होईल असे काही सदनिकेत करता येत नाही. आता समितीने स्वतःच्या पत्रकात ‘अमुक इमारतीत, अमुक मजल्यावर डबे मिळतील’ असे छापले तर उद्या त्या वापराला आमची संमती नव्हती, असे कोणत्या तोंडाने सांगणार? खाऊन कोणी आजारी पडला तर कायद्याने जबाबदार विकणाराच, हे खरे. पण आजारी माणसाचे नातेवाईक आधी पत्रक हातात घेऊन समितीच्या ऑफिसात येतील.

दुसरा मुद्दा गॅसचा आहे आणि तो कोणीच काढलेला नाही. १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर व्यवसायासाठी वापरायला एलपीजी पुरवठा व वितरण आदेश, २००० नुसार बंदी आहे. त्यासाठी १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर वेगळा असतो. पाइप गॅसलाही घरगुती आणि व्यावसायिक असे वेगळे दर आहेत. म्हणजे पत्रकाच्या शेवटच्या पानावरची बरीच नावे आज कोणत्या ना कोणत्या नियमाच्या पलीकडे उभी आहेत, आणि त्यांची यादी आपणच छापतो आहोत.

घरगुती उद्योगाचा दाखला द्यायचाच तर लिज्जतचा पूर्ण द्यावा. १९५९ मध्ये गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, हे सगळे सांगतात. पण तिथे पीठ शाखेत मळले जाते, बायका ते घरी नेऊन लाटतात आणि परत आणलेले पापड वजन करून, तपासून मगच घेतले जातात. घर आहे, पण घराच्या दोन्ही बाजूंना तपासणी आहे. आपल्याकडे एका बाजूलाही नाही.

भाडेकरू:

मी ऐरोलीला नोकरी करतो आणि इथे दोन मित्रांसोबत भाड्याने राहतो. मला सभेत मत नाही, पण डबा याच पानावरून मिळाला. हॉटेलचे रोजचे जेवण परवडत नाही आणि पचतही नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू आदल्या रात्री विचारतात की उद्या भाजी कोणती चालेल. शेपू म्हटले की आम्ही तिघेही गप्प बसतो आणि त्या समजून जातात. या व्यवहारात ‘उपद्रव’ कुठे आहे ते मला समजलेले नाही. ‘तळमजला’ यांचा त्रास खरा आहे, परंतु त्यावर उपाय ग्रीस ट्रॅप, म्हणजे सांडपाण्यातले तेल-तूप अडवणारी पेटी, हा आहे आणि तो सोसायटीच्या खर्चाने बसवता येतो.

घोडबंदरकर:

मी ठाण्याचा. आमच्या संकुलातही असेच पत्रक होते आणि असेच शेवटचे पान होते. पुढे शेवटची दोन पाने झाली, मग तीन. जाहिरातीचे पैसे मिळू लागल्यावर संपादकाला बातमीसाठी जागा काढवेना. एकदा पाणी बंद असल्याची सूचना केकच्या चौकटीखाली बारीक अक्षरात गेली. टँकर मागवण्याची वेळ आली तेव्हा ती लोकांना सापडली. गृहोद्योगाला माझा अजिबात विरोध नाही, माझ्याच घरी रविवारी बाहेरून सांदण येतात. माझा विरोध पत्रकाला बाजार करण्याला आहे. बातमी वाचायला लोक थांबतात ते ती विकत घेतलेली नसते म्हणून. विक्रीसाठी सूचना फलकाशेजारी वेगळा फलक लावा, त्यावर वाटेल तेवढे मोदक लिहा.

नेरुळ पूर्व:

‘घोडबंदरकर’ यांची भीती मला खरी वाटते. आमच्याकडे पैसे घेतले जात नाहीत आणि घेतले जाऊ नयेत, हे ठरावातच लिहिले पाहिजे. पण पदार्थ आणि बातमी यांच्यातली त्यांची भिंत मला तितकी पक्की वाटत नाही. कोणाकडे यंदा हळदीच्या पानावरचे पातोळे मिळणार आहेत, कोणी आजारपणामुळे या दिवाळीत फराळाच्या ऑर्डर घेणार नाही, ही शेजाराचीच बातमी आहे. गेल्या अंकात शेवटच्या पानावरचे एक नाव गळले तेव्हा, त्या बाई बऱ्या आहेत ना, म्हणून विचारपूस करणारे फोन समितीकडे आले. लिफ्टच्या कंत्राटावर एकही आला नाही.

‘माजी सेक्रेटरी’ यांचा गॅसचा मुद्दा मात्र सहज बाजूला सारण्यासारखा नाही. जो सिलिंडरवर व्यवसाय करतो त्याने १९ किलोचाच घ्यावा किंवा विजेवर करावे. विजेच्या बाबतीत महावितरणच्या दरपत्रकाने समंजसपणा दाखवलेला आहे: घराच्या एका भागात व्यवसाय करणाऱ्याचा वापर महिन्याला ३०० युनिट आणि मागच्या आर्थिक वर्षात ३६०० युनिट यांच्या आत असेल, तर तो निवासी दरातच राहत आला आहे. घरात छोटा उद्योग चालतो हे वीज कंपनीला मान्य आहे. तो केव्हा मोठा झाला म्हणायचे, एवढे तिने आकड्यात सांगितले. सोसायटीनेही असाच एक आकडा ठरवावा. दिवसाला अमुक इतक्या डब्यांपर्यंत घरगुती, त्यापुढे संमती घ्या.

पुरणपोळी:

दिवसाला किती डबे, हे मोजायला वॉचमन उभा करणार का?

माजी सेक्रेटरी:

मोजता येत नसेल तर अट घालू नये. मी पुन्हा सांगतो, ज्या गोष्टीची तपासणी करण्याची आपली तयारी नाही तिला आपल्या पत्रकात जागा देऊ नये.

आणखी एक. डबे विकणाऱ्यांनी भाताकडे लक्ष द्यावे. बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. सकाळी सातला शिजवलेला भात दुपारी दीडपर्यंत उन्हातल्या स्कूटरच्या डिकीत राहिला तर नोंदणी क्रमांक त्याला वाचवणार नाही. शिजलेले अन्न ६० अंशांच्या वर किंवा ५ अंशांच्या खाली ठेवावे, हे साधे सूत्र या पानावरच्या किती जणांना कोणी सांगितले आहे?

पुरणपोळी:

मला अन्न सुरक्षेच्या प्रशिक्षणात सांगितले होते. बाकीच्यांना आपण सांगा. पुढच्या अंकात हाच परिच्छेद त्या यादीच्या वर छापा. मला वाटते तो पत्रकातला सर्वांत उपयोगी मजकूर ठरेल. दुपारच्या डब्यात मी भात देत नाही, पोळ्याच देते. ज्याला भात हवा त्याला घरी येऊन गरम घ्यावा लागतो.

तळमजला:

ग्रीस ट्रॅपचा खर्च सर्वांवर का, हा प्रश्न तसाच राहिला. तळतो कोण, विकतो कोण, आणि वर्गणी मात्र सर्वांची. यादीत ज्यांची नावे आहेत त्यांनी वर्षातून दोनदा चेंबर साफ करण्याचा खर्च उचलावा, एवढी उपसूचना मी सभेत मांडणार आहे. ती मंजूर झाली तर पानाविरुद्ध मत देणार नाही. नाही झाली तर देईन, आणि चेंबरचा फोटो पत्रकाच्या पहिल्या पानावर छापायला समितीकडे पाठवीन.

भाडेकरू:

उपसूचनेत वर्गणीचा आकडा घाला. काकू डब्यामागे दोन रुपये वाढवायला तयार आहेत, आम्ही तिघांनी होकार दिला आहे.