५७ दिवस झाले पाळी नाही, पोट फुगलंय आणि प्रेग्नन्सी किटवर फिकट रेघ

शाळेतली_बाई:

नमस्कार. वय ४४. कराडजवळच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. मुलगी बारावीला, कोल्हापूरला हॉस्टेलवर. हे आधीच सांगितलं, म्हणजे पुढचं वाचून कुणी पेढे मागायला नकोत.

स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर मी पाळीच्या तारखेला पेनाने बारीक टिंब काढते, लग्न झाल्यापासूनची सवय. अठ्ठावीस-एकोणतीस दिवसांनी टिंब ठरलेलं. जुलैपासून सगळं बिनसलं. आधी २४ दिवसांनी आली, मग १९, मग एकदम ४१. शेवटचं टिंब २२ सप्टेंबरला. आज १८ नोव्हेंबर.

पोट सकाळी ठीक असतं. दुपारच्या सुट्टीनंतर फुगायला लागतं. पाच वाजता घरी आल्यावर परकराची नाडी सैल केल्याशिवाय बसवत नाही. ओटीपोट जड, डावीकडे जरा जास्त. कळा नाहीत, पण आता येईल मग येईल असं वाटत राहतं आणि येत काही नाही. मळमळ नाही. पोट साफ होत नाही. दमायला होतं, पण वर्गात ३८ पोरं असल्यावर कोण दमत नाही?

तांबी होती, अंगावरून फार जायचं म्हणून दोन वर्षांपूर्वी काढली. तेव्हापासून निरोध. दसऱ्याच्या सुमारास एकदा निष्काळजीपणा झाला.

आता किटची गंमत. गावातल्या मेडिकलवर बसणारा मुलगा माझाच विद्यार्थी, चौथीत त्याला अपूर्णांक मी शिकवलेत. त्याच्याकडे काय मागणार! आशाताईंकडे फुकट मिळतं, पण त्यांचं घर आमच्या भिंतीला भिंत लावून. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर कराडला गेले आणि गर्दीच्या दुकानात चिठ्ठी पुढे केली. संध्याकाळी घरी टेस्ट केली. पाच मिनिटांनी एकच रेघ. तेवढ्यात सासूबाईंनी हाक मारली, किट ज्वारीच्या डब्यामागे सरकवलं. भाकऱ्या उरकून पाऊण तासाने बघते तर ‘टी’समोर राखाडी, असेल-नसेल अशी दुसरी रेघ! तेव्हापासून झोप नाही.

ही रेघ खरी धरायची का? सासूबाई म्हणतात, जायची वेळ आली, माझी पंचेचाळिशीतच गेली. शेजारीण म्हणते कच्ची पपई खा, नाहीतर मेडिकलमधून पाळी आणायची गोळी घे. मिस्टरांना सांगितलेलं नाही, ते ऊसतोडीच्या टोळीमागे फिरताहेत. दिवस गेलेच असतील तर या वयात करायचं काय?

रानजाई:

बाई, ती गोळी घेऊ नका. दिवस गेलेत की नाही हे पक्कं कळायच्या आत तर मुळीच नाही. आणि पपईने पाळी आली असती तर आमच्या माहेरच्या बागेत कुणाला दिवसच गेले नसते.

मी ४७ ची. माझंही असंच सुरू झालं होतं. ७० दिवस काही नाही, मग आली ती अकरा दिवस थांबेना. मी ‘जायची वेळ’ म्हणत अंगावर काढलं. जिना चढताना धाप लागायला लागली तेव्हा रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ७. पाळी लांबली तरी दाखवा, आणि आल्यावर दर तासाला पॅड भिजत असेल तर त्याच दिवशी दाखवा.

ओपीडीनंतर:

स्त्रीरोग विभागात काम करते. न तपासता निदान सांगणार नाही, पण काही गोष्टी इथे सांगता येतील.

किट पाच मिनिटांत वाचायचं असतं, पाकिटावर लिहिलेलं असतं. पट्टी वाळली की कधीकधी राखाडी रेघ उमटते, ती धरत नाहीत. शिवाय तुम्ही संध्याकाळी केलीत. सकाळच्या पहिल्या लघवीत गर्भधारणेचं हार्मोन जास्त दाट असतं. उद्या नव्या किटवर सकाळी करा आणि घड्याळ समोर ठेवा. संबंधांना २१ दिवस उलटून गेल्यावर एकच रेघ आली तर ती बऱ्यापैकी भरवशाची. दसऱ्याच्या वेळी दिवस राहिले असते तर आत्तापर्यंत रेघ सहसा ठळक आली असती. पुन्हा फिकट आली तर मात्र अंदाज बांधू नका, रक्तातली बीटा एचसीजी, म्हणजे त्याच हार्मोनची तपासणी करा. गर्भ नळीत राहिला तरी रेघ फिकट येऊ शकते. एका बाजूला जोरात दुखणं, चक्कर, खांद्याच्या टोकाला दुखणं, थोडं थोडं रक्त जाणं, यातलं काहीही झालं तर रात्र असली तरी दवाखाना गाठा.

सासूबाईंचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. चाळिशीनंतर दर महिन्याला बीज सुटतंच असं नाही, त्यामुळे पाळी कधी लवकर येते, कधी लांबते. पण सलग बारा महिने आली नाही तरच ‘गेली’ म्हणायचं. तोवर दिवस राहू शकतात. पन्नाशीच्या आत गेली तर शेवटच्या पाळीनंतरही दोन वर्षं काळजी घ्यायला सांगतो.

पोट मात्र माझ्या मते पाळीपेक्षा महत्त्वाचं. चाळिशीपुढच्या बाईचं पोट काही आठवडे रोज फुगत असेल तर अंडाशय बघायलाच हवेत. सोनोग्राफी करा. पोटावरून करणार असतील तर आधी पाणी पिऊन लघवी धरून जावं लागतं. सोबत थायरॉइड (टीएसएच), हिमोग्लोबिन आणि साखर.

आणि दिवस गेलेच असले आणि नको असले, तर गर्भपात कायदेशीर आहे. कायदा १९७१ चा, २०२१ मध्ये सुधारला. साधन फसलं हे कारण त्यात चालतं, वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. सज्ञान बाईची स्वतःची सही लागते, नवऱ्याची नाही. मेडिकलमधून परस्पर गोळ्या घेऊन घरी काही करू नका.

सडेतोड:

एवढं कशाला? माझ्या जावेने सरळ पिशवी काढून टाकली. ना पाळी, ना भीती.

रानजाई:

@सडेतोड, पिशवी म्हणजे काय बाजाराची आहे, जड झाली की खाली ठेवायला? बीडकडच्या ऊसतोड बायकांच्या अशाच पिशव्या काढल्या गेल्या, २०१९ मध्ये सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. तपासणीच्या आधी ऑपरेशन सुचवणाऱ्यापासून लांब राहावं, मग ती जाऊ असो की डॉक्टर.

शाळेतली_बाई:

नऊ दिवसांनी लिहितेय, माफ करा.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला न्हाणीघरात मोबाइलचं घड्याळ लावून बसले. एकच रेघ. पाच मिनिटं झाल्या झाल्या किट चुलीत टाकलं, म्हणजे पुन्हा बघायचा मोह नको.

मग कराडला दाखवलं. मिस्टरांना गाडीवरच सांगितलं, मागे बसून. तोंड दिसत नसलं की बरं पडतं. त्यांनी गाडी बाजूला घेतली, थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, “एवढे दिवस एकटीच घेऊन फिरत होतीस होय?”

सोनोग्राफीला दीड तास थांबवलं, एक लिटर पाणी पिऊन. भिंतीवर ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ ही पाटी मी चाळीस वेळा वाचली. अंडाशय ठीक आहेत. पिशवीत तीन सेंटीमीटरची गाठ आहे, साधी, सहा महिन्यांनी पुन्हा बघू, असं डॉक्टर म्हणाल्या. टीएसएच मात्र ११, म्हणजे वाढलेलं. पाळी बिघडणं, पोट साफ न होणं, फुगणं, दमणं, बरंचसं त्यातून असू शकतं म्हणे. गोळी सुरू केली.

आणि पाळी परवा आली, ६५ व्या दिवशी, परिपाठ चालू असताना. प्रतिज्ञा पोरांवर सोपवून मी स्टाफरूममध्ये. पाच दिवसांत थांबली नाही तर कळवा असं डॉक्टरांनी बजावलंय.

थायरॉइडच्या गोळ्या गावातल्याच मेडिकलमधून आणल्या. माझा विद्यार्थी पाकीट देताना म्हणाला, “बाई, सकाळी उपाशीपोटी घ्यायची हं. आणि चहा अर्ध्या तासाने.” मी हो म्हटलं.

रानजाई:

जीव भांड्यात पडला. पण आता पुढे काय? पुन्हा तांबी?

शाळेतली_बाई:

तांबी नको. डॉक्टरांनी मिस्टरांना बिनटाक्याच्या नसबंदीचं सुचवलंय, दहा-पंधरा मिनिटांचं काम. ते म्हणाले, ऊस कारखान्याला जाऊ दे, मग बघू. तोपर्यंत कराडची ती गर्दीची मेडिकल आहेच.