प्रतिसाद: गारपिटीनंतर उपकारस्तुती कशी करायची?

निफाडकडच्या ताईंनी विचारलंय, काढणीला आलेली बाग गारांनी झोपली, आणि मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, म्हणतात 'देवाचे आभार माना'. ते कसं जमावं? तर आभारांपासून सुरुवात करूच नका. बायबलच्या जुन्या करारातलं हबक्कूक या संदेष्ट्याचं पुस्तक वाचा. तीनच अध्याय, ५६ वचनं. सगळे सांत्वनाला ३:१७-१८ (अध्याय ३, वचनं १७-१८) देतात, कारण त्यात वेलीला फळ नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी आनंद आहे. पण त्याआधी १:२-४ मध्ये संदेष्टा देवाशी चक्क भांडतो: किती वेळ ओरडू, तू ऐकत का नाहीस? ते गाळून शेवटावर उडी मारली की प्रार्थना खोटी वाटते आणि आठवड्यात सुटते.

पहिले काही दिवस फक्त १:२-४ मोठ्यानं वाचा, त्याखाली आपली तक्रार नावानिशी लिहा: बाग, कर्जाचा हप्ता, मजुरी. मग २:१, पहाऱ्यावर उभं राहून उत्तराची वाट पाहणं. इथे घाई नको. पुस्तकातही लगेच आनंद येत नाही. ३:१७ ला आलात की त्यातल्या यादीच्या जागी स्वतःची यादी ठेवा. १८वं वचन तोंडून निघालं नाही तर त्या दिवशी १७ वर थांबा. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं, तरी ते पवित्र शास्त्रात आहेच.

आणि पंचनाम्याचा पाठपुरावा प्रार्थनेसाठी थांबवू नका. मंडळीतल्या कुणाला तलाठ्याकडे सोबत न्या.