अळीच्या अंगातून कापसाचा बोळा निघाला. फेकू की ठेवू?

गवतवेडी:
माळावरच्या गवतातून चौदा अळ्या आणल्या होत्या. पतंग होताना बघायचे, एवढाच हेतू. जाळीचं झाकण लावलेल्या डब्या, रोज ताजं गवत, सगळं नीट चाललं होतं. काल सकाळी एका अळीच्या दोन्ही कुशींतून तांदळाच्या कणीएवढ्या पांढुरक्या अळ्या अंग काढून बाहेर येताना दिसल्या. तासाभरात त्यांनी स्वतःभोवती धागा गुंडाळला आणि दुपारपर्यंत कापसाचा बोळा तयार! मूळ अळी अजून जिवंत आहे. शेजारीच बसलीय, हात लावला तर डोकं हलवते, पण गवताला तोंड लावत नाही. पोटात कालवलं अगदी. आजपर्यंत चौदांपैकी नऊ अळ्यांचं हेच झालंय. बोळे नष्ट करावेत का? आणि हेच प्रमाण माळावर असेल तर तिथे अळ्या उरतील का?

सहज_सुचलं:
ती अळीची अंडी असतात. लगेच जाळा, नाहीतर शेकडो अळ्या होतील.

बांधावरचा:
जाळू नका हो! अळी अंडी घालत नाही, अंडी घालायची ती तिच्या पतंगाने. बोळ्यात आहेत ते परजीवी गांधीलमाशीचे कोष. वर्णनावरून कोटेशियाच्या जातकुळीतली वाटते, पण नुसत्या बोळ्यावरून नाव सांगणार नाही.

ही माशी जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची, माणसाला तिचा काही त्रास नाही. ती अळीत अंडी टोचते आणि त्यांच्यासोबत एक विषाणूही सोडते. एरवी अळीच्या रक्तातल्या पेशी परक्या अंड्याला घेरून गुदमरवतात. विषाणू त्या पेशींनाच नामोहरम करतो. मग आतली पिल्लं रक्त आणि चरबीवर वाढतात, पण जगायला लागणारे अवयव सोडून देतात, कारण यजमान आधीच मेला तर त्यांचंही संपलं. म्हणून तुमची अळी अजून डोकं हलवतेय. तिला वाचवायची वेळ मात्र टळून गेलीय.

आता चौदात नऊ. या अळ्या दिवसा शोधल्यात ना? गवतावरच्या बऱ्याच अळ्या दिवसा बुडख्यात दडतात आणि रात्री चरतात. भर उन्हात हाताला लागलेल्या अळ्यांवरून अख्ख्या माळाचा हिशोब करू नका. शिवाय माशी लागलेली अळी अनेकदा रेंगाळत वाढते. धडधाकट बहिणी कोषात गेल्या तरी ती पानावरच असते, म्हणजे उशिरा शोधणाऱ्याला तीच जास्त सापडणार. मीही सुरुवातीला अशीच टक्केवारी काढून वहीत ठळक लिहून ठेवली होती. नंतर ते पान फाडलं.

माळावरच्या अळ्या संपतात का, याचं मला आवडणारं उत्तर फिनलंडच्या ओलांड बेटांवरचं आहे. तिथे सुमारे चार हजार लहानमोठी कुरणं, आणि त्यांत राहणारं मेलिटिया सिंक्सिया हे फुलपाखरू. इल्का हान्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकापासून वर्षानुवर्षं त्याची मोजदाद केली. त्याच्यावर हायपोसोटर नावाची एक माशी आहे. ती फुलपाखराच्या अंड्यांचे पुंजके आधीच हेरून ठेवते आणि पुन्हापुन्हा येऊन बघून जाते. अळी आत तयार झालीय पण कवच फुटायचंय, एवढ्या थोड्या वेळातच तिला टोचता येतं. तरी ती पुंजक्यातल्या साधारण एक-तृतीयांश अळ्यांतच अंडी घालते, वासाची खूण ठेवते आणि उठते. त्या वासाने दुसरी माशीही सहसा फिरकत नाही.

त्याच फुलपाखरावर एक कोटेशियाही आहे. तिचं दुखणं वेगळं. फुलपाखरू विरळ झालं की तिला पुढचं कुरण गाठता येत नाही, आणि एखाद्या कुरणात अळ्यांच्या आधी तीच संपते. फुलपाखरू एका कुरणातून गेलं तरी दुसरीकडून उडत परत येतं, माशीला मात्र त्याच्या येण्याची वाट बघावी लागते. मी तर उलट माशीचीच काळजी करतो. पूर्ण वाढलेली माशी मकरंदावर जगते. फुलांसकट सगळं गवत एकाच दिवशी कापलं तर तिने खायचं काय?

तेव्हा बोळे ठेवा, पण प्रत्येक वेगळ्या डबीत, आणि जाळीऐवजी पातळ मलमल बांधा. जाळीतून या माशा आरामात निसटतात. बाहेर जे येईल ते कोटेशियाच असेल याची खात्री नाही. तिच्या कोषांवर डल्ला मारणाऱ्याही माशा असतात.

गवतवेडी:
मलमल बांधली होती. आठ दिवसांनी तीन बोळ्यांतून काळ्या चिमुकल्या माशा निघाल्या. एकेका कोषाला टोपणासारखं गोल झाकण उघडलेलं, भिंगातून काय देखणं दिसतं! चौथ्या डबीतून काहीच निघेना, आणि आणखी दोन-तीन आठवड्यांनी बघते तर आत मुंग्या. मलमल ढिली राहिली म्हणून स्वतःवरच चिडले आणि दोन झटकून टाकल्या.

बांधावरचा:
थांबा! कोषांना वेडीवाकडी भोकं आहेत का? असतील तर त्या मुंग्या नव्हेत. गेलिस म्हणून माशी असते, तिच्या माद्यांना पंख नसतात, चालतातही अगदी मुंगीसारख्या. ती कोटेशियाच्या कोषात अंडी घालते. मुंगीच्या कमरेला गाठ असते आणि मिशी कोपरात वाकलेली असते. हिचं तसं नाही.

गवतवेडी:
भोकं वेडीवाकडीच आहेत. मिशा सरळ. तीन उरल्यात, मलमल घट्ट केलीय.