ए-२ दूध: दुप्पट पैसे नेमके कशाचे?

ताकभात
आमच्या सोसायटीत (बिबवेवाडी) महिन्याभरापासून एक नवा दूधवाला येतोय. काचेची बाटली, वर वशिंडवाल्या गाईचं चित्र, खाली 'शुद्ध ए-२'. लिटरला ११० रुपये. पिशवीतलं गाईचं दूध ५८ ला पडतं. आमच्याकडे रोज दीड लिटर लागतं, म्हणजे महिन्याला २,३४० रुपये जास्त. सासूबाईंचं म्हणणं, नातवंडांच्या तब्येतीपुढे पैसे बघू नयेत. मी म्हणते, तब्येतीला नेमकं काय जास्त मिळणार ते तरी बघू.

मला समजलं ते असं. दुधात बीटा-केसीन नावाचं प्रथिन असतं, २०९ अमिनो आम्लांची माळ. तिच्यातला ६७ वा मणी प्रोलीन असेल तर ए-२, हिस्टिडीन असेल तर ए-१. फरक एवढाच. १०० मिली दुधातली साधारण ३.२ ग्रॅम प्रथिनं, १२० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि थोडं बी-१२ यांच्यावर या मण्याचा परिणाम होत नाही. मग हे ५२ रुपये कशाचे? ज्यांना पटत नसेल त्यांनी खुशाल झोडपावं.

गोधूळ
झोडपतोच. पोषण म्हणजे नुसतं ग्रॅम-मिलिग्रॅम नव्हे. देशी गाईच्या वशिंडात सूर्यकेतू नाडी असते, ती सूर्यकिरणं शोषते, म्हणून तिच्या दुधा-तुपाला सोन्यासारखा पिवळा रंग येतो. जर्सी ही मुळात गाय नव्हेच. आपले पूर्वज वेडे नव्हते.

शेरास_सव्वाशेर
पूर्वज वेडे नव्हते, पण ही नाडी त्यांनीही कापून पाहिलेली नाही. पिवळेपणा बीटा-कॅरोटीनचा. हिरवा चारा खाल्ला की जर्सीचं दूधही पिवळं दिसतं, किंबहुना जास्तच. म्हैस तेच कॅरोटीन 'अ' जीवनसत्त्वात बदलून टाकते, म्हणून तिचं दूध पांढरंशुभ्र. आणि सावरकरांनी गाईला 'उपयुक्त पशू' म्हटलं होतं, त्यालाही आता जमाना लोटला.

गोधूळ
सावरकर मध्ये आणायची गरज नव्हती.

पोटदुखीवाला
अहो, नाडीबिडी सोडा. मला पिशवीच्या दुधाचा चहा घेतला तरी अर्ध्या तासात पोट फुगायचं. सहा महिने झाले, देशी गाईचं घेतोय, काही होत नाही. ए-१ प्रथिन पचताना बीटा-कॅसोमॉर्फिन-७ नावाचा तुकडा सुटतो हे विज्ञानच आहे ना? ताई, तुमचे मणी बरोबर आहेत, पण माझं पोटही खोटं बोलत नाही.

आहारवाली
पोट खोटं बोलत नाही, पण कारण चुकीचं सांगू शकतं. मी आहारतज्ज्ञ आहे, 'पिशवीचं दूध पचत नाही' हे रोज ऐकते. बहुतेकांचा त्रास दुधातल्या साखरेचा, म्हणजे लॅक्टोजचा असतो, आणि ते ए-१ मध्ये जेवढं तेवढंच ए-२ मध्ये. एक प्रयोग करा. आठ दिवस त्याच पिशवीच्या दुधाचं घरी विरजलेलं आंबट दही आणि ताक घ्या. विरजणातले जंतू बराच लॅक्टोज खाऊन टाकतात. त्रास झाला नाही, तर दोष गाईच्या जातीचा नव्हता.

तो तुकडा सुटतो हे खरं. त्यातून मधुमेह, हृदयविकार होतात असा गवगवा झाला होता. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २००९ साली सगळे पुरावे तपासले आणि कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही असं सांगितलं. पोट फुगण्याबद्दल काही छोटे अभ्यास ए-२ च्या बाजूचे आहेत, पण त्यातल्या बऱ्याच अभ्यासांना पैसा ए-२ दूध विकणाऱ्या कंपनीचाच आहे. तुम्हाला बरं वाटत असेल तर जरूर प्या. शेजाऱ्याला औषध म्हणून सांगू नका.

मेलबर्नची_माई
गंमत सांगते. ए-२ चा धंदा सुरू झाला तो न्यूझीलंडमध्ये, २००० साली. इथे सुपरमार्केटात ए-२ च्या बाटल्या रांगेनं असतात, आणि ते दूध देणाऱ्या गाई कोणत्या? बहुतेक काळ्या-पांढऱ्या एचएफ, म्हणजे होल्स्टिन फ्रिजियन, विदेशी जात! जनुकं तपासून ए-२ वाल्या वेगळ्या काढतात, झालं. पुण्याला फोनवर हे सांगितलं तर बहिणीला वाटलं मी चेष्टा करतेय.

शेरास_सव्वाशेर
म्हणजे वशिंड नसलेलं ए-२. गोधूळ, पाणी घ्या.
आणि म्हशीचं दूध तर सगळंच ए-२ असतं. आपल्या आज्या आयुष्यभर ए-२ पीत होत्या, कुणी त्यांच्याकडून जास्तीचे पैसे घेतले नाहीत.

सासवडकर
बराच वेळ वाचतोय. तुमच्याकडे येतो तो मी नव्हे, पण मीही ए-२ विकणारा माणूस. पुरंदरात गोठा आहे, चार गीर, दोन खिल्लार. आधी एचएफ होत्या.

ताई, ५२ रुपये कशाचे विचारता ना? सांगतो. माझी एचएफ दिवसाला अठरा लिटर द्यायची. गीर सात-आठ, खिल्लार वासराला सोडून दोन-अडीच. कडबा, पेंड, गड्याचा पगार गाय मोजून लागतो, लिटर मोजून नाही. एचएफचं दूध डेअरीला घालायचो तेव्हा ३.५ फॅट, ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) यांवर दर, पॉइंट कमी भरला की कापायचे. २०२४ साली तो दर तिशीच्या आसपास लोळत होता, वर सरकारी अनुदान कधी येईल त्याची वाट बघायची. देशी गाईला 'राज्यमाता' केलं त्या वर्षी, दिवसाला ५० रुपयेही जाहीर झाले, पण ते गोशाळेतल्या गाईला. माझ्या गोठ्यातली राज्यमाता माझ्याच जिवावर.

बाटलीवर 'ए-२' लिहिलं नाही तर तुम्ही ११० देणार का? नाही देणार. मग लिहितो. गाय देशी आहे, खोटं लिहीत नाही. कर्नालच्या सरकारी पशू-जनुक संस्थेनं तपासलेल्या देशी जाती जवळजवळ सगळ्या ए-२ च निघाल्यात.

ताकभात
काका, हे पहिलं उत्तर ज्याच्यापुढे मी गप्प झाले. पण मग बाटलीवर तेच लिहा ना: 'खिल्लार कमी दूध देते, म्हणून महाग.' तब्येतीच्या नावानं का विकता?

सासवडकर
तसं लिहून बघितलं होतं. दोन महिन्यांत नऊ गिऱ्हाईकं टिकली.

आहारवाली
तुपाचंही बोलून घेऊ. केसीन हे प्रथिन, आणि तूप म्हणजे जवळपास निव्वळ स्निग्धांश. तुपात प्रथिनच उरत नाही, तर ए-१ काय नि ए-२ काय? एफएसएसएआयनं, म्हणजे आपल्या देशाच्या अन्नसुरक्षा संस्थेनं, २१ ऑगस्ट २०२४ ला असे दावे वेष्टनांवरून काढायला सांगितलं होतं, त्यात तुपाचा मुद्दा स्पष्ट होता. पाच दिवसांत, २६ तारखेला, आदेश मागे घेतला. आदेश गेला, रसायनशास्त्र जागेवर आहे.

सासवडकर
तुपाबाबत मी तुमच्या बाजूनं. ४ टक्के फॅटचं दूध धरा, किलोभर तुपाला पंचवीस ते तीस लिटर लागतं. माझ्या भावानं नुसत्या दुधाचेच अडीच हजारांच्या वर जातात. बाजारात 'ए-२ बिलोना' (दही घुसळून काढलेल्या लोण्याचं तूप) हजाराला मिळतं, ते कुठल्या गाईचं असेल तुम्हीच ठरवा.

चान्या
गाईपासून मिळणारं पोषण म्हणजे फक्त दूध-तूप, हे या धाग्यानं ठरवूनच टाकलंय. आमच्या मराठवाड्यात मोठ्याचं मटण हे गरिबाचं प्रथिन होतं. वाळवून चान्या करायच्या, महिनोन्महिने टिकायच्या. लोह, जस्त, बी-१२, दुधात जे कमी ते सगळं त्यात. गाय कापायला १९७६ च्या कायद्यापासूनच बंदी होती, २०१५ मध्ये बैल आणि वळूही त्यात आले. ए-२ वर महिन्याला दोन हजार उडवायचे की नाही, हा चर्चेचा विषय होतो. आमच्या ताटातून गेलं त्यावर कुणी धागा काढत नाही.

गोधूळ
विषय दुधाचा आहे. इथे हे नको.

आहारवाली
धाग्याचा विषय पोषण आहे, आणि चान्या यांचा मुद्दा पोषणाचाच आहे. दुधात लोह जवळपास नसतंच. दीड-दोन वर्षांचं मूल दिवसभर दुधाच्या बाटलीवर राहतं, जेवत नाही आणि रक्त कमी निघतं, असे पालक माझ्याकडे नेहमी येतात. वर्षाच्या आत तर गाईचं वरचं दूध देऊच नये, पाणी घालून पातळ केलेलंही नाही. मग ती गीर असो की जर्सी.
उलट बी-१२ साठी शाकाहारी घरात दुधाला पर्याय कमीच. पुण्यातल्या गरोदर बायकांच्या एका मोठ्या अभ्यासात तीनातल्या दोघींचं बी-१२ कमी निघालं होतं. दोन कप दुधानं रोजच्या गरजेला चांगला हातभार लागतो. ताई, उरलेल्या २,३४० रुपयांची अंडी आणा, सात रुपयांना सहा ग्रॅम प्रथिनं.

ताकभात
अंडी सासूबाईंच्या स्वयंपाकघरात शिरणार नाहीत, तो वेगळा धागा होईल. शेंगदाणे आणि मटकी वाढवते.

घरात तह झालाय. रोजचं दीड लिटर पिशवीचंच. आठवड्यातून एक दिवस खिल्लारचं लिटरभर, दुपटीच्या भावानं, आणि ते तब्येतीसाठी नाही, खिल्लारसाठी. सासूबाईंना मात्र ते तब्येतीसाठीच आहे असं सांगितलंय. काका, तुमची गाडी बिबवेवाडीला येते का?

सासवडकर
बोपदेव घाटानं कोंढव्यापर्यंतच येते. आठवड्याला एका लिटरसाठी पुढे येणं परवडत नाही ताई. सोसायटीतली अजून चार घरं जमवा.
आणि पुढच्या महिन्यात एक गीर वितेय. खरवसाचा चीक हवा असेल तर आत्ताच सांगून ठेवा. त्यावर काही लिहिलेलं नसेल.