नट अधांतरी लटकतो तेव्हा

एकाने लिहिलंय की न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरच्या 'स्पायडरमॅन' संगीतिकेच्या पूर्वप्रयोगांना (अधिकृत शुभारंभाआधीच्या चाचणी-प्रयोगांना) प्रेक्षक उगाच चिडले. त्याचं म्हणणं, आपल्या कोकणातल्या ट्रिकसीनच्या दशावतारात, म्हणजे वायरने नट उडवण्यासारख्या करामतींच्या लोकनाट्यात, वायर अडकली तर कोण ओरडतं? ही तुलना पटली नाही.

दशावतारात संवाद लिहिलेले नसतात. वायर अडकली की खालचा नट भाषण वाढवतो, पेटी-पखवाज चालू राहतात, तेवढ्यात मागची पोरं गाठ सोडवतात. कुडाळ-सावंतवाडीकडच्या प्रेक्षकाला कळतही नाही. ब्रॉडवेवर उड्डाणं संगणकावर बांधलेली. एक विंच (वायर गुंडाळणारं यंत्र) अडली की सगळंच थांबवावं लागतं, आणि नट प्रेक्षकांच्या डोक्यावर लटकलेला! शिवाय तिकीट जवळपास पूर्ण दराचं, म्हणजे चाचणीचा खर्च प्रेक्षकाच्या खिशातून. तो राग रास्तच होता. पूर्वप्रयोग १८० हून जास्त झाले, मधेच दिग्दर्शिका बदलली.

त्याच संगीतिकेत डिसेंबर २०१० मध्ये एक नट पडून गंभीर जखमी झाला, कारण पाठीच्या दोरीचं दुसरं टोक अडकवलेलंच नव्हतं. ट्रिकसीनवाल्या मंडळांनी हे मनावर घ्याच. हूक एकाने लावायचा, दुसऱ्याने ओढून बघायचा, नटाने 'लागला' असं मोठ्याने म्हणायचं, मगच उचलायचं. खाऱ्या हवेत वायर आतून गंजते, वरून चकचकीत दिसते. दर प्रयोगाआधी वायरवरून फडकं फिरवा. तिच्यातली एक जरी तुटकी तार फडक्याला अडकली तरी ती वायर माणसासाठी बाद. आणि मांडवाच्या वाशाला माणूस टांगू नका, त्याला वेगळी लोखंडी कमान लागते.