बर्जेस, फ्रीमन, सिटिझन: मराठीत सगळे ‘नागरिक’च?

कसबेकर
इंग्लंडच्या इतिहासाबद्दल मराठीत वाचताना एक गोष्ट सारखी खटकते. बर्जेस असो, फ्रीमन असो, टाउन्समन असो, सगळ्यांचा एकजात ‘नागरिक’ होतो. यात इतिहासच पुसला जातो. मध्ययुगीन इंग्रजी शहरात राहणारा प्रत्येक जण बर्जेस नव्हता. ज्याला त्या शहराचे हक्क होते, म्हणजे तिथे मोकळेपणाने व्यापार करता येई, कारभारात बोलता येई, तो बर्जेस. हा हक्क कुठे बापाकडून मिळे, कुठे उस्तादाच्या हाताखाली वर्षानुवर्षं उमेदवारी करून, कुठे पैसे भरून. त्याच गल्लीतले घरगडी, मजूर, बाहेरून आलेले कारागीर नुसते रहिवासी. हा भेदच गेला तर 1835 चा म्युनिसिपल कॉर्पोरेशन्स ॲक्ट कशासाठी झाला, हे वाचकाला कळणार कसं? मूठभरांच्या मुठीतली शहरं कर भरणाऱ्या पुरुषांच्या हाती द्यायची की नाही, हाच तर वाद होता. बर्जेसला ‘नगरहक्कदार’ म्हणा, नुसत्या राहणाऱ्याला ‘रहिवासी’, आणि ‘नागरिक’ देशापुरता ठेवा.

सरळवाट
अजिबात पटलं नाही. ‘नगरहक्कदार’ हा शब्द कुणाच्या तोंडी आहे? असे घडवलेले शब्द परिभाषाकोशात पडून राहतात. ‘नागरिक’ शाळकरी मुलालाही कळतो, आणि तो नगरावरूनच आलेला आहे, जसा सिटिझन सिटीवरून. एवढी सरळ जोडी असताना नवा शब्द कशाला? हक्कांचा खुलासा पुढच्या वाक्यात करा. वाचक अडखळला की पुस्तक मिटतो, हे भाषांतर करणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

कसबेकर
@सरळवाट, ती जोडी दिसते तितकी सरळ नाही. इंग्रज माणूस लंडनचा सिटिझन असे, पण देशाच्या नात्याने तो राजाचा प्रजाजन. कायद्यात ‘युनायटेड किंगडम आणि वसाहतींचा नागरिक’ हा दर्जा आला तोच मुळी 1948 च्या ब्रिटिश नॅशनॅलिटी ॲक्टने. मग सतराव्या शतकाबद्दल ‘इंग्लंडचे नागरिक’ लिहिलं की वाचक आजच्या घटनेतला नागरिक डोळ्यांपुढे आणतो. अडखळण्यापेक्षा हे वाईट, कारण आपण चुकीचं समजलो हे त्याला कळतही नाही.

मोडीवाचक
नवा शब्द घडवण्याआधी आपल्याकडे काय होतं ते तरी बघा. मराठा काळातल्या गावात मिरासदार आणि उपरी हा भेद होताच. दोघं एकाच गावात राहत, जमीन कसत, पण गावात मान आणि पक्का हक्क मिरासदाराचा. बर्जेस आणि रहिवासी समजावायला याहून जवळचं काय आहे? माझं मत ‘मिरासदार’ला.

कसबेकर
समजावून सांगायला उत्तम, प्रतिशब्द म्हणून नको. मिरास जमिनीला आणि घराण्याला चिकटलेली. उमेदवारी करून कुणी मिरासदार होत नसे. इंग्रजी शहराचं वेगळेपण नेमकं तिथेच आहे. जन्माने धन्याच्या जमिनीशी बांधलेला भूदास विशेष हक्कांच्या शहरात एक वर्ष आणि एक दिवस टिकला, धन्याने परत मागितला नाही, तर तो मोकळा होई. मिरासदार म्हटलं की ही वाट बंद झाल्यासारखी वाटते.

रानवाट
त्या भूदासाचा इंग्रजी शब्द होता व्हिलेन. त्याचाच पुढे खलनायक झाला! आपल्याकडेही ‘नागर’ म्हणजे सुसंस्कृत आणि ‘ग्राम्य’ म्हणजे अश्लील. शब्द नेहमी शहरवाल्यांनी ठरवले. म्हणून ‘नगरहक्कदार’ मला आवडतो. त्यात कौतुक नाही, फक्त हक्क आहे.

गिरणगावकर
लांब कशाला जाता? मुंबईत 1872 च्या कायद्याने महापालिकेत निवडणूक आली, ती करदात्यांपुरती. चौसष्ट सभासदांपैकी निम्मे त्यांनी निवडायचे. चाळीतल्या खोलीत दाटीवाटीने राहणारा गिरणी कामगार मुंबईत घाम गाळत होता, पण मतदार नव्हता. त्या काळाबद्दल ‘मुंबईच्या नागरिकांनी प्रतिनिधी निवडले’ असं वाक्य वाचलं की मला राग येतो. करदात्यांनी निवडले, असं लिहा. शब्द तयार आहे, सोपा आहे, फक्त वापरायची तयारी हवी.

सरळवाट
@गिरणगावकर, हे मान्य. ‘करदाते’ बोलीतला आहे, मी तो आनंदाने वापरेन. पण बर्जेससाठी माझा विरोध कायम. त्यापेक्षा ‘बर्जेस’ असाच देवनागरीत ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे दोन ओळींत सांगा. आपण मेयर, शेरीफ ठेवलेच की.

कसबेकर
दोन ओळी पुरत नाहीत, कारण अर्थ शतकागणिक बदलतो. 1835 च्या कायद्यात बर्जेस म्हणजे कर भरणारा पुरुष. 1869 मध्ये कर भरणाऱ्या स्त्रियांनाही नगरपालिकेचं मत मिळालं, आणि 1872 च्या न्यायालयीन निकालाने विवाहित स्त्रिया पुन्हा बाहेर गेल्या. ‘तो बर्जेस’ की ‘ती बर्जेस’ असा घोळ होणारच. ‘हक्कदार’ तोही असतो आणि तीही. @सरळवाट, 1869 च्या त्या वाक्याचं तुमचं भाषांतर इथे लिहा, मग पुढे बोलू.